गुपित फुटलं, तरी 'द क्राइंग गेम' पाहावा का?

प्रश्न : नील जॉर्डन यांचा 'द क्राइंग गेम' (१९९२) पाहायचा राहून गेला होता. परवा भाच्याने उत्साहाच्या भरात त्यातलं प्रसिद्ध गुपितच फोडलं. आता पाहण्यात काही राम आहे का? आणि राजकीय थरारपट म्हणावं, तर अर्धा सिनेमा प्रेमकथाच आहे म्हणे!

उत्तर : भाच्याला माफ करा आणि खुशाल पाहा. गुपित मी इथे छापणार नाही (बाकीच्यांची रागाची पत्रं कोण वाचणार?), पण एक सांगते. ज्या डिलच्या, म्हणजे सिनेमाच्या नायिकेच्या, गुपिताचा एवढा बोभाटा झाला, तिने काही लपवलेलंच नसतं. समोरच्याला ठाऊक आहे, असं ती धरून चाललेली असते. लपवाछपवी करतो तो फर्गस. आयआरएचा (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश सशस्त्र संघटनेचा) हा माणूस लंडनमध्ये येऊन 'जिमी' होतो, बांधकामावर मजुरी करतो, डिलच्या सलूनमध्ये केस कापायला बसतो. तिचा प्रियकर आपल्याच पहाऱ्यात होता, हे मात्र गिळून बसतो. गुपित आधीच माहीत असेल तर नजर डिलवरून हटून फर्गसवर खिळते, आणि खरी चोरी तिथे पकडली जाते.

सुरुवातीचा ओलीस-प्रसंग तर सावकाश पाहा. उत्तर आयर्लंडमध्ये जत्रेतून पळवलेला ब्रिटिश सैनिक जॉडी (हाच डिलचा प्रियकर), डोक्यावर कापडी पिशवी, हात बांधलेले. त्याला लघवीला लागते. आता मदत कोण करणार? राखणदारच. फर्गसची ती तारांबळ आणि नंतर दोघांचं हसणं पाहिलं की पुढे याच्या हातून गोळी सुटणं अवघड आहे, हे आपल्याला त्याच्या आधी कळतं. मग विषय क्रिकेटवर येतो. जॉडी सांगतो, कॅरिबियनमधल्या अँटिग्वात क्रिकेट काळ्यांचा खेळ, लंडनच्या टॉटनहॅमला आलो तर तोच बड्या लोकांचा. फर्गस हर्लिंग या आयरिश खेळाची बाजू लढवतो. साम्राज्याच्या गणवेशात एक काळा माणूस, आणि त्याला आयर्लंडमध्ये तोंडावर शिव्या खाव्या लागतात. राजकारण म्हणतात ते हेच. भाषण कुणी ठोकत नाही.

जॉडीचा शेवट मी सांगत नाही. पण पुढे फर्गसच्या स्वप्नात तो पांढऱ्या कपड्यांत धावत येऊन चेंडू टाकत राहतो. आणि डिलला साथीदारांपासून लपवायची वेळ येते, तेव्हा फर्गस तिचे केस कापतो आणि जॉडीचेच क्रिकेटचे कपडे तिच्या अंगावर चढवतो! प्रेम कुठे संपलं आणि ऋण कुठे सुरू झालं, हे त्यालाही सांगता येणार नाही. म्हणून प्रेमकथा आणि थरारपट असे दोन तुकडे करू नका.

तक्रार एकच. आयआरएतली ज्यूड मिरांडा रिचर्डसनने झकास केली आहे, पण लेखकाने तिला थंड रक्ताची बाई करून सोडून दिलं. तिलाही एखादं स्वप्न द्यायला हवं होतं.

प्रश्न : ही कथा आयरिश लेखक फ्रँक ओकॉनर यांच्यावरून उचलली आहे का?

उत्तर : उचलली नाही, पण धागा तिथला. त्यांच्या १९३१च्या 'गेस्ट्स ऑफ द नेशन' या कथेत आयरिश राखणदार आणि ब्रिटिश कैदी पत्ते कुटता कुटता मित्र होतात, आणि मग वरून हुकूम येतो. ओकॉनर तिथे थांबतात. जॉर्डन राखणदाराला पुढे लंडनला पाठवतात. पटकथेचं ऑस्कर मिळालं ते या पुढच्या भागाच्या हिमतीला, असं माझं मत.

प्रश्न : शीर्षकगीत ब्रिटिश गायक बॉय जॉर्जचंच ना?

उत्तर : सिनेमातलं त्याचंच. मूळ मात्र १९६४चं, डेव्ह बेरीने गायलेलं.