पानावर फक्त अपयशच का उतरले?

प्रश्न : आदरणीय बाई, मी डिचोली तालुक्यातील एका विद्यालयात शिकते आणि नुकतीच नववी उत्तीर्ण झाले. सरत्या वर्षातील यशापयश एका पानावर लिहून आणायला वर्गशिक्षिकांनी सांगितले, तेव्हा मला गणितातील कमी गुण आणि खो-खोच्या संघात न झालेली निवड एवढेच सुचले. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला होता. पण चतुर्थीच्या सुट्टीत आजीला रोज भाषण म्हणून दाखवणे आणि तिने अडवले की ते वाक्य बदलणे, यापलीकडे मी काहीच केले नव्हते, म्हणून ते लिहिले नाही. 13, 14 आणि 15 सेंमी बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ सूत्र पाठ असूनही चुकले, त्याची आकडेमोड सोबत जोडली आहे. दहावीत खो-खो सोडावा का?

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा आजीच्या वाक्यापाशी थांबले. जे तू 'काहीच केले नाही' म्हणून पानाबाहेर ठेवलेस, तेच तुझ्या वर्षातील सर्वांत मोलाचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तिथे ऐकणारे माणूस समोर होते, न कळलेल्या जागी ते तुला अडवत होते आणि ती जागा तू त्याच दिवशी दुरुस्त करत होतीस.

आता त्रिकोणाकडे पाहू. तिन्ही बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याच्या हेरॉनच्या सूत्रात अर्धपरिमिती घ्यावी लागते, म्हणजे 21. तू पूर्ण परिमिती 42 घेतलीस. 21 आणि त्यातून एकेक बाजू वजा करून उरणारे 8, 7 आणि 6 यांचा गुणाकार 7056, त्याचे वर्गमूळ 84, म्हणून क्षेत्रफळ 84 चौरस सेंमी. तुझे उत्तर सुमारे 960 आले. पाया 14 सेंमी धरला तर उंची 13 सेंमीपेक्षा जास्त असूच शकत नाही, म्हणजे क्षेत्रफळ 91 च्या पुढे जाणार नाही. हे तुला समजण्यासारखे नव्हते असे मुळीच नाही; '960 कसे गं आले?' असे विचारणारे तिथे कुणी नव्हते, एवढेच. तेव्हा 'मी गणितात कच्ची आहे' हे पानावरचे वाक्य खोडून 'उत्तर पडताळून पाहिले नाही' असे लिही, कारण पहिल्या वाक्यावर काही उपाय करता येत नाही, दुसऱ्यावर येतो. वर्षभराच्या उत्तरपत्रिका मिळाल्या तर प्रत्येक गेलेल्या गुणापुढे तो न आल्यामुळे गेला, घाईत गेला की वेळ न पुरल्यामुळे गेला, हे पेन्सिलीने नोंदव. आणि सुट्टीत रोज एक उदाहरण आजीला मोठ्याने समजावून सांग. त्यांना बीजगणित येण्याची गरज नाही, 'हे असे का?' एवढे विचारता आले की पुरे.

खो-खो सोडू नकोस. गोवा शालान्त मंडळाच्या निकालात क्रीडा गुणांची तरतूद आहे. परंतु तुला संध्याकाळी मैदानावर जावेसे वाटते, हेच कारण मला अधिक पटते. निवड का झाली नाही, हे मात्र तू पत्रात लिहिलेले नाहीस. ते शारीरिक शिक्षणाच्या सरांना एकदा जाऊन विचार, आणि ते जे सांगतील ते त्याच पानावर त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेव.