स्थलांतरित मुलांच्या चित्रवर्गाविषयी
धारावीत चित्रवर्ग सुरू करताना ‘तुझे गाव काढ’ हा विषय पहिल्याच दिवशी देऊ नये. बिहारी कुटुंबांतील कित्येक मुले इथेच जन्मलेली असतात आणि गाव त्यांना आजीच्या बोलण्यातूनच ठाऊक असते. छठपूजेच्या चित्रात कमरेभर पाण्यात उभी आई, हातातल्या सुपात ठेकुआ (कणकेचा तळलेला गोड पदार्थ) नि केळी, समोर मावळता सूर्य, आणि गंगेच्या जागी जुहू चौपाटी, शेजारी भेळवाल्याची गाडीसुद्धा असेल, तर खोडरबर पुढे करू नका. ७ ते ९ वर्षांचे मूल महत्त्वाची वस्तू मोठी काढते, त्यामुळे सूप आईहून मोठे दिसले तरी प्रमाण सुधारायला लावू नये. मशीद किंवा देऊळ दिसताच धर्म विचारू नये (वर्ग पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना ही फार हौस असते). ‘इथे कोण उभे आहे?’ एवढेच विचारावे आणि उत्तर मुलाच्याच शब्दांत, तारखेसह, चित्रामागे लिहून ठेवावे.