एसी नसूनही उन्हाळ्यात बिल 300 युनिटच्या वर जातं. घरात काय बदल करावेत?

आधी पंखे बघा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 35 च्या आत भागवतो. दिवसाला 15 तास फिरणारा एक पंखा बदलला तरी महिन्याला 18 युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी. महावितरणच्या घरगुती दरात 100 आणि 300 युनिटनंतर दर चढतो, म्हणजे वाचतात ती महागडीच युनिटं.

वर गच्ची असेल तर मार्चमध्येच तिला चुन्याचे दोन हात द्या. चुना चिकटून राहावा म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉल घालतात. खर्च किरकोळ, पण रात्री स्लॅबमधून उतरणारी धग चांगलीच कमी होते.

फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलंय, ते बदला. फ्रिज भिंतीला चिकटवू नका. सेट-टॉप बॉक्स रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणावरून बंद करा.

आणि हो, प्लगमध्ये खोचायचं ते ‘वीज बचत यंत्र’ अजिबात घेऊ नका. घरगुती मीटरवर त्याने काडीचा फरक पडत नाही.