थ्रीडी प्रिंट केलेला लिव्हर यंत्रमागावर टिकेल का?

तुमचा प्रश्न असा: जुन्या मागाचा बिडाचा लिव्हर आता मिळत नाही, तो ३१६एल स्टेनलेसमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतला तर चालेल का? प्रिंटवाल्याने दाखवलेली ताकद नेहमीच्या ३१६एलच्या दुपटीहून जास्त आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत धातूंचं टेस्टिंग करतो, म्हणून लिहितोय.

तो आकडा खरा असू शकतो. या प्रिंटिंगमध्ये धातूची पावडर थरावर थर देत लेझरने वितळवतात आणि ती क्षणात गोठते. आतली रचना एका मायक्रॉनहून बारीक कप्प्यांची होते आणि धातू सहजी वाकत नाही. अनील केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या ३१६एलची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो, किमान १७० मेगापास्कल लागते. नीट प्रिंट झालेल्याची ४०० च्याही वर जाते.

पण हा आकडा देणारी टेस्ट म्हणजे सॅम्पल एकदाच ओढून तोडायचं. तुमच्या लिव्हरला मिनिटाला १२० फटके धरले, तरी बारा तासांच्या पाळीत ८६,४०० होतात. पाच महिन्यांत कोटीच्या पुढे. इथे प्रश्न फटीगचा आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून चीर जाण्याचा.

असाच एक तुटलेला प्रिंटेड भाग माझ्याकडे आला होता. तुटलेली बाजू मायक्रोस्कोपखाली धरली, तर एका चपट्या पोकळीत न वितळलेली पावडर राजगिऱ्यासारखी गोल गोल पडलेली. तो थर खालच्या थराला धरलाच नव्हता. अशा पोकळ्या दोन थरांच्या मध्ये आडव्या पसरतात, त्यामुळे थरांच्याच दिशेने ओढलं तर फारसं जाणवत नाही. उभ्या ओढीला, म्हणजे थर एकमेकांपासून ओढले की, मात्र तिथूनच चीर सुरू होते. चादरीच्या उभ्या-आडव्या धाग्यांचा फरक तुम्हाला मी काय सांगणार! तेव्हा लिव्हर प्रिंटरच्या प्लेटवर आडवा झोपवून प्रिंट करायला सांगा, म्हणजे वाकण्याचा ताण थरांच्या दिशेने जाईल.

दुसरं, पृष्ठभाग. प्रिंटचा खरखरीतपणा तसाच ठेवला तर चीर बाहेरून धरते. भोक आणि कोपऱ्याची गोलाई मशीन करून घ्याच. हिप करून, म्हणजे तापमान आणि गॅसचा दाब एकत्र देऊन, आतल्या पोकळ्या मिटतात. पृष्ठभागाला उघड्या असलेल्या मिटत नाहीत.

प्रिंट करायचाच असेल तर त्याच प्लेटवर दोन उभे टेस्ट बार मागा आणि ते तोडून बघा. माझा लिव्हर असता तर मी ईएन८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या पट्टीतून मिलिंग करून घेतला असता. साधा आकार आहे, त्याला पावडर कशाला?