अंतिम सामनाच नाही, मग रंगत कसली?

प्रश्न : मुलगा ओसाकाला नोकरीला आहे, त्याच्या नादाने सुमो बघू लागले. पण फायनल नसलेल्या स्पर्धेत शेवटी बघायचं काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, शेवटचे दोन दिवसच तर बघायचे! पंधरा दिवस, रोज एक कुस्ती, ज्याचे विजय जास्त तो विजेता. बरोबरी झाली तरच जादा कुस्ती. पुढच्या दिवसांच्या जोड्या निकाल बघून लावतात, त्यामुळे तळातला मल्ल जिंकत सुटला की त्याच्यापुढे तगडे गडी आणून उभे करतात.

मार्च २०२४, तुमच्या मुलाचंच ओसाका. ताकेरुफुजी नावाचा मल्ल, सर्वांत वरच्या गटात पहिलीच स्पर्धा. केस इतके आखूड, की सुमो मल्लांचा मानाचा अंबाडाही बांधता येईना. चौदाव्या दिवशी असानोयामाकडून हरला, उजवा घोटा दुखावला, चाकाच्या खुर्चीवरून बाहेर नेला. म्हटलं, संपलं. मागे ओनोसातो एकाच विजयाच्या अंतरावर टपलेला.

दुसऱ्या दिवशी रविवार, आमच्याकडे होळी. पुरण शिजतंय आणि मी पडद्यासमोर. घोट्याला जाड पट्टी बांधून गडी आला! आणि त्याने गोनोयामाला ढकलून पाडलं. १३ विजय, २ पराभव. पदार्पणातच विजेतेपद, तब्बल ११० वर्षांनी. ओनोसातो नंतर हरलाच, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

आणि हो, आठ विजयांकडेही लक्ष ठेवा. सात-सातवर अडकलेल्याची शेवटची कुस्ती मला कधीकधी विजेत्यापेक्षा जास्त आवडते. आठवा मिळाला तर बढतीची आशा, नाहीतर घसरण.