टांझानाइटची अंगठी: गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

टांझानियातल्या अरुशा शहराला चाललाच आहात, तर टांझानाइट हा निळा खडा जरूर बघा. पण ‘जगात एकाच ठिकाणी मिळतो, खाण संपली की भाव दुप्पट’ हे दुकानदाराचं पालुपद ऐकून पाकीट उघडू नका. पहिला भाग खरा आहे. दागिन्यांच्या दर्जाचा हा खडा टांझानियातल्या मेरेलानीच्या डोंगरांतच सापडतो. 1967 मध्ये तो उजेडात आला आणि पुढच्याच वर्षी टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीने त्याला हे नाव दिलं. मूळ खनिज झोइसाइट! पण दुर्मिळ आहे म्हणून गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

विकायला गेलात की खरी गंमत कळते. आपला सराफ खड्याचं वजन वजा करून फक्त सोन्याचा भाव लावतो, घडणावळ तर गेलीच. मी एकदा असाच हात पोळून घेतलाय.

अंगठीपेक्षा कानातले किंवा पेंडंट घ्या. याचा कठीणपणा दहापैकी जेमतेम साडेसहा, रोजच्या वापरात चरे पडतात. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवायला तर मुळीच देऊ नका. निळा रंग बहुतेक वेळा तपकिरी खडा तापवून आणलेला असतो. ती फसवणूक नव्हे, रीतच आहे. गडद जांभळट निळा, आतून स्वच्छ, मोठा खडा त्यातल्या त्यात भाव धरून ठेवतो. फिकट, बारीक खडे हौसेपुरते. मोठा घेणार असाल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, काचही खपवतात.