‘आय ॲम ऑफ’ कधी म्हणायचं?

इंग्रजीत ‘आय ॲम ऑफ’ कधी म्हणायचं, असं तू विचारलंस. ‘ऑफ’ म्हटलं की आपल्याला आधी दिव्याचं बटण आठवतं, त्यामुळे तू गोंधळलीस यात नवल नाही. निघताना ‘आय ॲम ऑफ’ म्हणजे सरळ ‘चला, निघते मी’. कुठे ते सांगायचं तर पुढे ‘टू’ लाव: ‘आय ॲम ऑफ टू नाशिक’, ‘आय ॲम ऑफ टू बेड’. पण ‘आय ॲम ऑफ टुमॉरो’ म्हटलंस तर ऐकणारा बहुधा ‘उद्या माझी सुट्टी’ असंच समजेल.

हे मित्रमंडळींतलं बोलणं, ब्रिटनमध्ये फार रुळलेलं. मुलाखतीतून उठताना ते नको. तिथे ‘थँक यू फॉर युअर टाइम’ शोभतं.

आणि आपलं ‘येते हं’ जसंच्या तसं नेऊ नकोस. ‘जाते’ म्हणणं आपल्याकडे अशुभ मानतात, म्हणून आपण ‘येते’ म्हणतो. दारातून निघताना ‘आय ॲम कमिंग’ म्हटलंस तर समोरच्याला काहीच उलगडणार नाही. ‘सी यू सून’ म्हण. पुन्हा भेटीचा ओलावा त्यात बराचसा उतरतो, मला तरी तसं मनापासून वाटतं.

‘सी ऑफ’ मात्र निरोप देणाऱ्याचं काम. आईला स्टेशनवर सोडून आलीस, तर ‘आय सॉ हर ऑफ’.